गावात मुक्काम न केलेली फिल्म

मी, तेओदोसिओ पारिओना, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फिल्म बनवणे आणि ती स्वतःच गावोगाव नेऊन दाखवणे, राहणार हुआमांगा, याद्वारे लिहून ठेवतो की माझी फुफ्फुसे गेली असली तरी डोके जागेवर आहे. हे मृत्युपत्र लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. भाग पाडायला घरात कोणी नाहीच.

कलम १. राहते घर माझी एकुलती मुलगी नोर्का हिला मिळावे. ती इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करते आणि आपल्या म्हाताऱ्याला रविवारी फोन करते. नोर्का, छप्पर आधी नीट करून घे. त्याने माझे काय केले ते पुढे येईल.

कलम २. लाकडी शिडी चुंचाकासा गावच्या पंचायतीतल्या कारकुनाला. खेळाच्या दिवशीच त्याने सभागृह लग्नाला दिले आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमची फिल्म काय, उद्याही दाखवता येईल." त्याला वर चढायची फार हौस आहे. चढू दे. तिसरी पायरी मोडकी आहे, हे त्याला कोणी सांगू नये.

(नोटरीसाहेब म्हणतात, असे मृत्युपत्रात लिहू नये. मी म्हटले, मग कुठे लिहू?)

कलम ३. आता फिल्म. 'मिठाची बाई' ही मी केलेली एकच फिल्म. चार वर्षे लागली. मिठासाठी ओझ्याच्या लामा जनावरांचा तांडा घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईची गोष्ट आहे. काम करणारी सगळी चुंचाकासाची माणसे, एका प्रसंगात मागे मीही. लिमाच्या लोकांना कळावी म्हणून मी ती स्पॅनिशमध्ये केली, आणि आमच्या डोंगरातल्या आज्यांना तर केचुआखेरीज काही येत नाही. एवढी अक्कल मला.

लिमाच्या एका वितरकाने कागदावर सही घेतली, फिल्म दोन वर्षे कपाटात ठेवली आणि एका सोमवारी भर दुपारी रिकाम्या थिएटरात लावली. त्या दिवशी मी ठरवले, आपली फिल्म आपणच दाखवायची. प्रोजेक्टर, पांढरी चादर, जनरेटर आणि भोंगा. भोंग्यावर माझी बायको मार्सिआना. "या गं बायांनो, तुमच्याच शेजारणी पडद्यावर आल्यात, ओळखा पाहू!" असे ओरडत ती गल्ल्या फिरायची. खेळ सुरू झाला की पहिल्या रांगेत आज्यांच्या मध्ये जाऊन बसायची. मी मागे, यंत्रापाशी.

माझा नियम एकच होता, फिल्म गावात मुक्काम करणार नाही. चोरून प्रती काढणाऱ्यांची मला धास्ती होती. शेवटची अक्षरे पडद्यावर असतानाच मी डिस्क काढून शर्टाच्या आत घालायचो. लोक थांबलेले असायचे. मी मान वर करत नसे.

मिठाच्या बाईचे काम केलेल्या दोन्या एर्मिलिंदाने माझ्याकडे एक प्रत मागितली. म्हणाली, "बाबा, मी मेल्यावर नातवंडांना दाखवायला." मी नाही म्हटले. पुढे ती वारली. याचे प्रायश्चित्त कुठल्या कलमात बसते ते मला माहीत नाही.

कलम ४. लामाला पुरण्याचा जो प्रसंग आहे, त्यात गावोगाव आज्या खो खो हसायच्या. माझे काळीज जळायचे. मार्सिआनाला विचारले, तर म्हणाली, "हसू दे की रे, तुझं काय जातं?" दोन महिने मी तिच्याशी धड बोललो नाही आणि तो प्रसंग फिल्ममधून कापून टाकला. आठ वर्षांपूर्वी मार्सिआना वारली. मी एकटाच खेळ लावू लागलो. भोंगा मला जमला नाही. पुढे छप्पर गळले, मूळ फिल्म असलेली पत्र्याची ट्रंक भिजली. शर्टातली डिस्क झिजून झिजून अडकू लागली. कोणाला द्यायची नाही म्हणून जपलेली फिल्म माझ्याकडेच उरली नाही.

तेव्हा लाज गुंडाळून मी बाजारात सेनोव्हियाच्या टपरीवर गेलो. चोरट्या प्रती विकते म्हणून मी एकदा तिची टपरी पोलिसांकडून उधळून लावली होती.

"या मास्तर," ती म्हणाली. "आज पोलीस कुठे ठेवले?"

"माझी फिल्म आहे का तुझ्याकडे?"

"पहिल्याच वर्षीची आहे. काही कापायच्या आधीची."

त्या वर्षी खेळाला येताना तिने कॅमेरा पाठीवरच्या झोळीत बाळासारखा बांधून आणला होता. दारात मीच तिला बजावले होते, बाळ रडले तर बाहेर जायचे. बाळ फार शहाणे निघाले.

प्रत वाईट आहे. डाव्या कोपऱ्यात कोणाची तरी टोपी आहे. पण त्यात मार्सिआनाचा आवाज आहे. ती आज्यांना सगळी गोष्ट केचुआत सांगते आहे. लामाच्या प्रसंगात म्हणते, "मागे दगडावर बसून रडतोय ना, तो माझा नवरा. दुःख कसलं, सकाळपासून जेवला नाहीये!" आणि आज्या हसतात. त्या माझ्या फिल्मला हसत नव्हत्या.

कलम ५. म्हणून प्रोजेक्टर, चादर, जनरेटर, भोंगा आणि 'मिठाची बाई'चे सर्व हक्क मी सेनोव्हियाला देतो. जिथे जिथे खेळ झाला त्या प्रत्येक गावात तिने एक प्रत ठेवावी, पहिली दोन्या एर्मिलिंदाच्या नातवंडांच्या घरी. नोर्काला इंटरनेटवर टाकायची आहे, तिने खुशाल टाकावी, पण हीच प्रत, टोपीसकट. आवाज कोणी साफ करू नये.

कलम ६. प्रतीच्या शेवटी दिवे लागतात. मार्सिआना हाक मारते, "तेओ! अरे इकडे ये, बायका तुला भेटायला थांबल्यात." पुन्हा म्हणते, "तेओ?" पुढे काही नाही. मी तेव्हा डिस्क शर्टात घालत होतो. घरात बसून मी या हाकेला पुष्कळदा ओ दिली, पण ती सभागृहातली हाक आहे. तरी माझ्या पश्चात जो कोणी जिथे हा खेळ लावेल त्याने यंत्र तसेच सोडून पुढे जावे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे, "आलो गं."

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो बरोबर आहे.

साक्षीदार:
१. फ्लोरिआन तिन्को, शेजारी, चांभार (सही)
२. बेनेदिक्ता लापा, शिंपीण, मार्सिआनाची मैत्रीण (सही)

ज्याला वारसा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून सेनोव्हिया बाहेर बाकावर बसून रडते आहे. तिला आत घ्यावे.

तेओदोसिओ पारिओना (सही)
हुआमांगा, १९ सप्टेंबर २०१९