शेवटच्या डब्याचा फोटो

ती. बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं.

तुमचं कार्ड मिळालं. आई गेल्यापासून तुमच्याकडून आलेली ही पहिलीच ओळ: ‘मालगाडीचा शेवटचा डबा फोटोत नाही. गाडी पूर्ण आली हे कशावरून?’ बरोबर आहे. जन्मभर शेवटच्या डब्यात बसून गार्डची नोकरी केलेल्या माणसाला मी नुसती इंजिनं पाठवत होते.

म्हणून सुट्टीच्या दिवशी पुन्हा जंक्शनच्या पुलावर गेले. मालगाडीचं इंजिन पुढे गेलं तरी मी कॅमेरा धरून उभीच. खाली रूळ तपासणारे काका ओरडले, “अहो बाई, इंजिन गेलं की! आता काय शेपटीचा फोटो काढणार?”

“आमचे बाबा शेपटीतच बसायचे,” मी म्हणाले. काका खूप हसले. मलाही हसू यायला हवं होतं.

माझं रेल्वेतलं सिग्नलचं काम नेहमीसारखं चालू आहे. रडू अजून आलेलं नाही. हात स्थिर आहेत, त्यामुळे फोटो हलत नाहीत.

दादा म्हणतो, तुम्ही दिवसभर खुर्चीतून उठत नाही. मग कार्ड टाकायला पेटीपर्यंत कोण गेलं, तुम्ही की तो? खरं सांगा.

सोबत दोन मालगाड्या आणि दोन पॅसेंजर पाठवते आहे, शेवटच्या डब्यासकट. यांतही चुका आहेत. एक मी मुद्दाम ठेवली आहे. ती शोधा, मला लिहा, आणि कार्ड स्वतः जाऊन पेटीत टाका.

तुमची,
धाकटी