दुखरी जागा शेवटी

तीर्थरूप बाबा,
कामोठ्याहून अबोलीचा नमस्कार. माझी काळजी नको, डबा चांगला मिळतो.

आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात बिस्किट नावाचा कुत्रा उपचाराला येतो. त्याची कंबर धरलीय. मी चार्ट बघून अ‍ॅक्युपंक्चरच्या बारा जागा काढल्या आणि थेट कमरेपासून सुरुवात केली. दुसऱ्याच सुईला त्याने दात दाखवले. तेव्हा तुम्ही आठवलात. बैलाचा खांदा सुजला की तुम्ही आधी त्याची मान खाजवायचात, खांद्याला हात शेवटी. मग मी पाचच जागा ठेवल्या. पायापासून सुरू केलं, कंबर शेवटी. काल तो आपणहून उठला!

आईचा गुडघा कसा आहे?

आता तुमची दुखरी जागा. काखेतल्या गाठीचा रिपोर्ट आठवडाभर लॅबमध्ये पडून आहे, आई म्हणाली. शनिवारी येतेय, दोघं जाऊन आणू. दात दाखवलेत तरी चालेल.

तुमचीच,
अबोली