डाव्या लिव्हरची पिन

रविवार, ४ मे

आज सतीशकाकांनी समरला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. मला नाही – समरला!

चौदा महिने झाले. दर रविवारी लीड्सहून दोन बस बदलून मी काकांच्या या शेडवर जुनी लष्करी गाडी पुन्हा चालती करायला येतो. शेडमध्ये एकच गाडी – आर्चर. दुसऱ्या महायुद्धातली हलकी रणगाडाविरोधी तोफ, स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी. नळी मागच्या बाजूला. तोफ मागे बघते, ड्रायव्हर पुढे. गोळा झाडायचा आणि न वळता सरळ पळायचं. तिचा जवळजवळ प्रत्येक बोल्ट मी काढला, पुसला, मोजला, पिशवीत घातला. चारशे बारा पिशव्या. प्रत्येकीवर नंबर, नाव, तारीख. एकाही नावात चूक नाही.

समर डिसेंबरात आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याच्या पहिल्या पिशवीवर लिहिलं होतं – 'इतर'. इतर म्हणजे काय! काका हसले. मी असं लिहिलं असतं तर?

पट्ट्यांच्या गाडीचं लायसन्स त्याने पहिल्या फटक्यात काढलं. मी साध्या कारच्या टेस्टमध्ये दोनदा नापास. म्हणून २९ जूनच्या प्रदर्शनात, लोकांसमोर, तोच चालवणार. "हलकी म्हणे! सोळा टनांची बया आहे ही," असं वरून ओरडत होता. सगळे हसले. मीही हसलो.

सोमवार, ५ मे

लाँड्रीत दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी घड्या केल्या. डोळ्यांसमोर समरचे बूट. कोरे करकरीत!

रविवार, ११ मे

काकूंनी धपाटे पाठवले होते. काकांनी डबा उघडला आणि आधी समरपुढे धरला. मग माझ्यापुढे. चार उरले होते, म्हणजे कमी पडले असं नाही. पण आधी त्याच्यापुढे.

काका ब्रॅडफर्डच्या बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. इकडे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांनी इंजिनावर हात शेकत जेवण केलं, ही गोष्ट आज समरला सांगितली. मला चौदा महिन्यांत कधी सांगितली नाही. मी कधी विचारली नाही म्हणा. मी प्रश्न विचारत नाही, पिशव्या लावतो.

मी बारावी अर्धी टाकून आईबरोबर इकडे आलो. समर इंजिनिअर. ठीक आहे. पण ही एक जागा तरी माझी होती ना!

रविवार, १८ मे

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

स्टिअरिंगची जोडणी सुरू आहे. गाडी दोन लिव्हरवर वळते, डावी आणि उजवी. शेडचा नियम – ज्याने काढलं, त्यानेच बसवायचं. डाव्या लिव्हरची पिन मी काढली होती. पिशवी नंबर २१२.

काका म्हणाले, "दीप, बाकी सगळं झालं की डावीची पिन आण."

मी म्हणालो, "काका, सापडत नाहीये."

ती माझ्या जॅकेटच्या खिशात होती.

सोमवार, १९ मे

मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. गंजू नये म्हणून तेल लावलं.

रविवार, २५ मे

सगळे शोधत होते. समर दोन तास टॉर्च घेऊन गाडीखाली पालथा पडला होता. बाहेर आला तेव्हा दाढीला ग्रीस.

"तू हरवणं शक्यच नाही रे," मला म्हणाला. "तुझ्या पिशव्या बघून मला माझी शिस्तीची आई आठवते, भीती वाटते. मीच कुठेतरी ट्रे लाथाडला असणार."

आणि तेच जाऊन काकांना सांगितलं! काकांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "नजर कुठे असते तुझी? गाडी चालवायला निघालास, आधी पाय कुठे पडतोय ते बघ!"

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. झाला.

रविवार, १ जून

काकांनी ठरवलं, नवीन पिन बनवायची. "दीप, माप आहे ना तुझ्याकडे?"

वहीत होतं. एक आकडा बदलला असता तर पिन बसली नसती. कार्यक्रम रद्द. पेन हातात होतं.

खरं माप दिलं. खोटं बोलता आलं, खोटं माप देता येईना.

समरने काकांच्या हाताखाली लेथवर नवी पिन कातली. तिसऱ्या प्रयत्नात जमली. दोघं लहान मुलांसारखे टाळ्या देत होते.

रविवार, ८ जून

पिन समरने बनवली म्हणून त्यानेच बसवली. दहा मिनिटांचं काम.

मग काकांनी यार्डाचं फाटक बंद केलं. म्हणाले, "आमच्या डेपोतली रीत होती. ज्याने स्टिअरिंग जोडलं, पहिली फेरी त्याची. फाटकाच्या आत लायसन्स कुणी विचारत नाही. स्वतःच्या कामावर स्वतः बसायचं."

समर बसला. इंजिन धडधडलं. गाडी यार्डाला एक पूर्ण वळसा घालून आली, डावीकडे वळताना जराही अडखळली नाही. ऐंशी वर्षांची गाडी!

काका माझ्याशेजारी उभे होते. गाडीकडेच बघत म्हणाले, "ही फेरी तुझी होती रे. मार्चपासून मनात होतं. ती पिन म्हणूनच शेवटची ठेवली होती. २९ला लायसन्सवाला लागतो, त्याला इलाज नाही. पण पहिली फेरी तुझीच होती. नशीब बघ."

समर खाली उतरला. "काका, दुसरी दीपला द्या ना!"

"पहिली एकच असते," काका म्हणाले आणि फाटक उघडायला गेले.

मंगळवार, १० जून

जेवलो नाही. आई विचारते, काय झालं. काय सांगू?

बुधवार, ११ जून

समरला फोन केला. सगळं सांगितलं – खिसा, ड्रॉवर, तेल.

तो म्हणाला, "काकांना सांगू नकोस. त्यांना झेपणार नाही."

मग म्हणाला, "इथे आल्यापासून माझा एकच मित्र होता – तू. २९ला चालवतो, काकांसाठी. त्यानंतर शेड तुझी."