माणिकआत्याचं पानदान

प्रिय केतकी,

निहारिकाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. तू फोनवर पानदान मागितलंस तेव्हा मी विषय बदलला, म्हणून लिहायला बसलेय.

आपल्या माणिकआत्याचं ते पितळी पानदान, झाकणावर मोर कोरलेला. लेकीच्या रुखवतात तुला तेच हवंय, आणि नवरा-नवरीनं विडा तोडायचा तोही त्यातलाच. आत्याच्या लग्नातही असंच झालं होतं. दोघांनी एकच विडा दातांत धरून अर्धा अर्धा तोडला, आणि वर्ष सरायच्या आत ती विधवा होऊन माहेरी आली. मग जन्मभर घरादाराला विडे करून दिले, स्वतः एकही खाल्ला नाही. आपण चिडवायचो, "आत्या, एक खाऊन तर बघ!" की म्हणायची, "चल हट! माझा अर्धा खाऊन झालाय."

ती गेली आणि पानदान माझ्याकडे नानाखेड्याच्या फ्लॅटवर आलं. मी पान खात नाही, तुला ठाऊकच आहे. तरी त्यातली चुन्याची डबी ओली असते. चिंचेनं घासली, उन्हात वाळवली, पुन्हा ओली. फ्रीगंजचा पॉलिशवाला आला होता. बोट लावून म्हणाला, "दीदी, चूना तो ताज़ा है. कौन खाता है?"

तेराव्याला आपण तिच्या आवडीचं सगळं वाढलं, विडा तेवढा ठेवला नाही. ती खात नव्हती ना! तिथंच चुकलं असं वाटून परवा सकाळी मी एक विडा केला, लवंग टोचून पानदानात ठेवला आणि म्हटलं, आत्या, घे. दुपारी झाकण उघडलं. विडा अर्धाच उरला होता. कडेला बारीक, सरळ दातांच्या खुणा. उरलेला अर्धा कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखा, लवंगेसकट.

आपल्या होणाऱ्या जावयाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, केतकी. तो अर्धा मी खाल्ला.

तेव्हापासून माझे ओठ लाल आहेत, कितीही धुतले तरी. पानदान मागू नकोस. निहारिकाला नवं घेऊन दे, पैसे माझ्याकडून. आणि मी लग्नाला आले नाही म्हणून रागावू नकोस. दुपार झाली की झाकण वाजतं, तेव्हा मला घरी असावं लागतं.

तुझीच,
मुक्ताताई