लग्नाचा कोट आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या भरीला पडून नव्हे, तर माझ्या मर्जीने हे लिहून ठेवत आहे. शेजारच्या डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले आहे. अकरा वर्षांपूर्वी मी शुद्धीवर होतो का, हे त्यांनी तपासलेले नाही.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या पत्नीच्या. तिच्या पश्चात आमच्या एकुलत्या एका मुलाच्या. "त्याला फुटकी कवडी मिळणार नाही" असे मी चारचौघांत बोललो होतो, ते रद्द. बँकेतील ठेव पत्नीची. ती तिने भिंती रंगवण्यात घालवू नये, कुठेतरी फिरून यावे.

२. मोठी कात्री माझ्या कारागिराला. तीस वर्षे तो ती माझी पाठ फिरली की वापरतो, आता उघडपणे वापरावी.

३. कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुन्या चादरीत गुंडाळलेला काळा कोट आहे. त्याच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

मुलगा सव्वीस वर्षांचा असताना एका दुपारी दुकानात आला. कारागीर जेवायला गेला होता. कापायच्या टेबलापलीकडे उभा राहून मुलगा म्हणाला, "बाबा, मला मुली आवडत नाहीत. माझं एका मुलावर प्रेम आहे. तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतोय." मी गळ्यातली टेप काढली आणि म्हणालो, "हात वर कर."

आमच्या घरात लाड बोलून होत नसत. पहिली शाळा, पहिली नोकरी, दर वेळी मी त्याचे माप घेऊन काहीतरी शिवले होते. त्यामुळे त्याला वाटले, बापाने ऐकले आणि जवळ केले. छातीचे माप घेताना तो हुंदके देत होता, टेप धड एका जागी राहीना. "थँक्यू बाबा," म्हणाला. त्याचा गैरसमज झाला आहे हे मला तिथल्या तिथे कळले होते. तरी मी कंबरेचे माप वहीत लिहून घेतले.

नवव्या दिवशी त्याला बोलावले. कोट घालून तो आरशात बघून हसला. "कशासाठी हा?" मी म्हणालो, "लग्नासाठी. रविवारी मुलगी बघायला जायचंय. बाकीचं खूळ डोक्यातून काढ." त्याने कोट काढला, हँगरला नीट लावला, पुढची बटणेसुद्धा लावली आणि गेला, तो घरी परत आला नाही. तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते. पत्नी आतल्या दारात उभी होती. ती इतकेच म्हणाली, "माप घेताना तरी तोंड उघडायचं होतं."

सदर कोट उसवावा. कापड चांगले आहे, ज्याला लागेल त्याला द्यावे. मला मुलाची लाज कधी वाटली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पुष्कळ वर्षे वाटली. आता वाटते ती माझी.

४. पत्नी दर रविवारी बहिणीकडे जाते असे सांगून मुलाकडे जाते. बहिणीने हे शहर सोडून सहा वर्षे झाली. येताना ती उसवलेले शर्ट आणते, गिऱ्हाइकाचे म्हणून, आणि मीही काही न विचारता शिवून देतो. निम्मे मुलाचे असतात. उरलेले ज्याचे, त्याला मी पाहिलेले नाही, पण त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे आणि तो टेबलावर कोपरे टेकून बसतो, हे मला ठाऊक आहे. माझे मनगटी घड्याळ त्याला द्यावे. मुलाचा जोडीदार म्हणून द्यावे. कागदोपत्री कुठेही "मित्र" असे लिहू नये.

५. समोरच्या बटणवाल्याशी माझा दहा वर्षे अबोला होता. "पोराला घरी आण, पुरे झाला तुझा ताठा," एवढे तो बोलला, म्हणून मी बटणे दोन चौक पलीकडून आणत राहिलो. आज साक्षीदार हवा म्हणून त्याची पायरी चढलो. त्याने वरचे सगळे सावकाश वाचले.

"पोरगा हे कधी वाचणार?"

"मी गेल्यावर."

"म्हणजे माफी मागायची आणि पळ काढायचा. त्याला चार शिव्या घालायच्या असल्या तर कुणाला घालील? तुझ्या फोटोला?"

मला भयंकर राग आला. त्याने पेन खाली ठेवले आणि सही करणार नाही म्हणाला. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.

६. सबब हे कागद मी उद्या स्वतः मुलाच्या घरी नेऊन त्याला वाचून दाखवीन. तिसरे कलम गाळणार नाही. त्याने मधेच थांबवले तर थांबेन. त्याने दार लावून घेतले तर तो त्याचा हक्क आहे, त्यामुळे वरील वाटणीत काहीही फरक पडणार नाही. त्याने आत घेतलेच, तर आधी काय बोलायचे हे मी दुपारपासून ठरवतो आहे. त्या दिवशी बोलायला हवे होते तेच दर वेळी तोंडात येते : "बरं झालं सांगितलंस. जेवलास का?" एवढ्याला मला अकरा वर्षे लागली.

सही : मृत्युपत्र करणारा, मुलाचा बाप

साक्षीदार : १. डॉक्टर, शेजारचा दवाखाना
२. बटणवाला, समोरचे दुकान (सहावे कलम लिहून झाल्यावर इकडे येऊन सही केली)

स्थळ : माझे दुकान
दिनांक : चौदा, मंगळवार, संध्याकाळी साडेपाच