विलोडीनची हजेरी

मी, ओझेला मे टिंडल, वय ८७, निवृत्त शिक्षिका, राहणार हार्लन्स फेरी, अलाबामा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने मी हे लिहीत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझी जुनी पिकअप गाडी भाचा क्लेटस यास द्यावी. दफनाला त्याने टाय बांधून यावे. न बांधल्यास गाडी चर्चची.

कलम २. पितळी घंटा चर्चला द्यावी. १९७० साली दोन्ही शाळा एक करताना काळ्या मुलांची आमची शाळा बंद केली, तेव्हा जिल्ह्याच्या माणसांनी मुलांनी जिंकलेल्या ढाली आणि फोटो कचऱ्याच्या ट्रकमध्ये फेकले. घंटा मी कोटाखाली लपवून आणली. ही चोरी असेल तर कबूल आहे. अकरा वर्षे वर्ग घेतलेल्या मला गोऱ्यांच्या शाळेत पुस्तकांवर शिक्के मारायला बसवले. ज्या साहेबाने बसवले तो वारला. त्याला क्षमा करण्याचा विचार अजून चालू आहे.

कलम ३. राहते घर. हे विलोडीन ग्रिग्ज हिला द्यायचे होते, त्याचे कारण लिहिते.

१९६५ साली फॉर्म आले, की काळ्या मुलांना हवे तर गोऱ्यांच्या शाळेत जाता येईल. कुणी भरेना. माझ्या वर्गात विलोडीन सगळ्यांत हुशार, वय दहा. मी तिच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

"एकटीच जाणार का हो ती, बाई?" हॅटीने विचारले.

"कुणीतरी आधी जायलाच हवं ना, हॅटी."

पोरीला मी बजावले, "मान वर ठेवायची. रडायचं नाही. घरी येऊन काही सांगायचं नाही, आई घाबरेल."

वर्षभर तिच्या शेजारी कुणी बसले नाही. तिच्या दुधात मुले थुंकत, हे मला पुढे त्या शाळेत शिक्के मारताना कळले. तिने अवाक्षर काढले नाही. इकडे मी सवयीने तिचे नाव पुकारत होते. मुले म्हणत, "बाई, ती गेली ना!" तरी मी हजेरी लावत राहिले. तिची जागा कुणाला द्यायला हात धजला नाही.

हॅटीला माती दिली त्या दिवशी चर्चबाहेर विलोडीन म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसंच केलं, बाई. आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पुढे गोऱ्यांनी आपल्या खासगी शाळा काढल्या. आज विलोडीन गेली त्या शाळेत गोरे पोर औषधालाही सापडत नाही. मग त्या पोरीचे ते वर्ष कशात गेले, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. रोज सकाळी साडेआठला, हातात कॉफी असताना, मी त्या वर्षाचा जुना हजेरीपट वाचते. देवाघरी गेलेली मुलेसुद्धा मला 'हजर' म्हणताना ऐकू येतात. तिच्या नावाला खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि कुणी बोलत नाही. मला भीती वाटते.

काल वकिलांनी तिला माझ्या घरी बोलावले. ती पर्स न ठेवता उभ्यानेच हे वाचत राहिली.

"घर नको मला."

"मग काय देऊ गं?"

"दुधाचं लिहिलंय, ते असंच राहणार?"

"असंच."

"मग साक्षीदार म्हणून मी सही करते."

वकील म्हणाले, "मॅडम, साक्षीदाराने यातलं काही घेऊ नये, असा संकेत आहे."

"माहितीये. म्हणूनच."

मग तिने पट मागितला. त्या वर्षाच्या माझ्या सगळ्या हजेऱ्या एकेक करून खोडल्या आणि गैरहजर लिहिले. वकिलांची कॉफी निवली. "मी तिथे होते, बाई," ती म्हणाली. "इथे नव्हते."

सबब घर विकून पैसे गावच्या वाचनालयास द्यावेत.

कलम ४. तो पट माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावा. कुणी त्यात पुन्हा दुरुस्ती करू नये.

ठिकाण: हार्लन्स फेरी. दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४.

सही: ओझेला मे टिंडल

साक्षीदार:
१. लेनोरा बॅसेट, शेजारीण
२. विलोडीन ग्रिग्ज. सगळे वाचले. खरे आहे. मी रडत असे, तेवढे बाईंना माहीत नव्हते.