कोमातल्या आजीचे संवाद

ता. १८ ऑगस्ट, मंगळवार
दुपार

प्रिय ताई,

कशी आहेस? जेवण वेळेवर होतं ना? गुडघ्याला तेल लावून घेतेस, की भाचीशी रोज त्यावरून वाद घालतेस? मी बरी आहे. बरेच दिवस आपली भेट नाही, फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. भाची सांगत होती, छापलेलं तू बाजूला सारतेस पण हाताने लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचतेस. म्हणून पेन शोधायला बसले. आयुष्यभर संवाद लिहून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात चालणारं पेन एकच निघालं, तेही बँकेतून चुकून उचलून आणलेलं.

अक्षर अजून तसंच आहे. "टाचणे, तू लिहितेस झकास, पण वाचायला फौजदार बोलवावा लागतो," असं तू म्हणायचीस. आपल्या पथनाट्यांच्या प्रयोगांना फौजदार न बोलावता यायचे, तो भाग वेगळा.

इकडे सगळं चालू आहे. दिग्दर्शकाने चहा सोडलाय, त्यामुळे युनिटने त्याच्याशी बोलणं सोडलंय. मालिकेतली तुझी नात रोज विचारते, "आजी कधी येणार?" मेकअपच्या खोलीतल्या तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. खोटं कशाला सांगू, बसतात. पण बसण्याआधी एकदा दाराकडे बघतात.

तू माझ्यावर रागावलीस ते बरोबरच आहे. "रस्त्यावर मला कधी माइक लागला नाही, आणि तू मला नळ्या लावून झोपवलंस. पोलिसांना जमलं नाही ते तू करून दाखवलंस गं," असं म्हणालीस. तेव्हा मी म्हणाले होते, चॅनलचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही. मी असं म्हणाले की तू माझ्या हातांकडे बघायचीस. त्या दिवशीही बघितलंस.

चॅनलचा निर्णय नव्हता, ताई. चॅनल तर दुसरी आजी आणणार होतं.

तुला आठवतं का माहीत नाही. स्वयंपाकघराच्या सेटवर तुझ्या हातात कप होता आणि तुला 'कप' म्हणायचं होतं. तू त्याच्याकडे बघत राहिलीस, जसं लग्नात भेटलेल्या माणसाकडे आपण बघतो. चेहरा ओळखीचा, नाव येत नाही. टेकवर टेक झाले. मेकअपची बाई हळूच म्हणाली, "दमल्यात." मी पण तेच धरून बसले. घरी येऊन तुझ्या पुढच्या सीनमधली लांब वाक्यं छोटी केली. मग छोट्याची अर्धी केली. मग आजी हल्ली कमी बोलते, घरात कुणावर तरी रुसलीये, असं कथेत आणलं. रुसवाही किती ताणणार? एका बैठकीत चॅनलच्या बाई म्हणाल्या, "आजी बदलू या. प्रेक्षकांना आठवडाभर वाईट वाटतं, मग सवय होते."

त्याच बैठकीत, चहाचा घोट घेता घेता, मी तुला कोमात घातलं. कोमातल्या माणसाला पाठांतर लागत नाही. खाटेवर पडून राहायचं, कामावर यायचं, डबा उघडायचा, मेकअपच्या खोलीत जुन्या चळवळीच्या गमती सांगून पोरींना हसवायचं. मला वाटलं, एवढं तरी तुझ्यापाशी राहील. आणि गंमत बघ, कोमात गेल्यापासून मालिका जास्त लोक बघायला लागले. चॅनलच्या बाईंनी मला मिठी मारली. इतकी वर्षं मी जीव तोडून माणसांना बोलतं केलं, आणि नाव झालं ते गप्प बसवलेल्या आजीमुळे.

तुला विचारायला हवं होतं. विचारणार कसं? "ताई, तुला आठवेनासं झालंय," हे वाक्य मला लिहिता येईना. दुसऱ्या कुणाच्या तोंडी असतं तर पाच मिनिटांत लिहिलं असतं. भाचीने मला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आहे. तुलाही सांगितलं म्हणे, आणि तू म्हणालीस, "पाठांतर कमी झालंय, बाकी काही नाही."

आता त्या दिवसाचं लिहिते. टाळत होते.

दवाखान्याचा सेट. तू खाटेवर, डोळे मिटून. नर्सचं काम करणारी पोरगी ट्रे घेऊन आली आणि तिने तिचं वाक्य म्हटलं, "आजी, डोळे उघडा ना." आणि तू उघडलेस! नळी बाजूला केलीस, उठून बसलीस, आणि तो आवाज लागला. भोंगा! आपल्या पथकाने तुला ठेवलेलं ते नाव मी सेटवर कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते सगळ्यांना आपोआप कळलं असतं.

"ही खाट कुणाची, साहेब? पैसेवाल्याची? वशिलेवाल्याची? माझं पोर रात्रभर जमिनीवर निजलं. जमीन तरी कुणाची ते एकदा सांगा!"

'खाट' हे पथनाट्य मी लिहिलं तेव्हा मला धड साडी नेसता येत नव्हती. सरकारी दवाखाना बंद करायला निघाले होते आणि आपण त्याच्याच फाटकासमोर गोल करून उभे राहायचो. प्रेक्षक म्हणजे रुग्णांचे नातेवाईक, रिक्षावाले, एखादं कुत्रं. दवाखाना वाचला नाही. तिथे आता काचेची इमारत आहे. मी पुढे नाट्यगृहात गेले, बक्षिसं घेतली. मग नाटकं चालेनाशी झाली आणि मी मालिकांत गेले. पहिल्याच मालिकेत नर्सांच्या संपाचा एपिसोड लिहिला, तर चॅनलने संप काढला आणि त्या जागी वाढदिवस घातला. केक कापतानाचे संवादही मीच लिहिले. चांगले झाले होते.

आणि तू त्या खोट्या खाटेवर बसून ते सगळं भाषण एकही शब्द न अडखळता म्हणालीस. दिवे धरणारे थांबले. दिग्दर्शक 'कट' म्हणायचा विसरला. भाषण संपलं आणि तू थांबलीस. कडेवर पोर असल्यासारखे हात धरून, मान थोडी तिरकी करून, तू गर्दीत बघायला लागलीस.

तू कशासाठी थांबली होतीस ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. पुढची ओळ माझी होती. मी प्रेक्षकांत मिसळून बसायचे, आणि तुझं भाषण झालं की उठून ती म्हणायचे. कित्येकदा लोक मला खरीच रस्त्यावरची बाई समजून वाट करून द्यायचे. आपल्या गोलाचा एकच नियम होता: ओळ खाली पडू द्यायची नाही. जो जवळ असेल त्याने उचलायची. एकदा मी तापात असताना माझं सगळं भाषण तू उचललं होतंस, आणि वर म्हणालीस, "काही नाही गं, मला बोलायला निमित्तच हवं असतं."

मी मॉनिटरच्या मागे उभी होते. शेजारी चॅनलच्या बाई होत्या. त्यांनी कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं, आणि मी खांदे उडवले. जणू मी तुला ओळखतच नाही.

तू वाट बघितलीस. मग हात खाली सोडलेस, चपला शोधल्यास आणि गेलीस.

हे लिहून झालं की पत्र संपवायचं असं ठरवलं होतं. पण वर एक खोटं लिहिलंय ते राहतं. बरेच दिवस भेट नाही, हे खरं नाही. मागच्या रविवारी मी आले होते.

तू खिडकीपाशी बसून जुन्या शर्टाची बटणं काढत होतीस. दार भाचीने उघडलं. तू वर बघितलंस आणि छान हसलीस, घरी आलेल्या कुणाकडेही हसतेस तसं. मला वाटलं, राग गेला. मग तू म्हणालीस, "बसा ना. लांबून आलात का?" पाणी आणायला लावलंस. मी नाटकात होते असं भाचीने सांगितलं तर तू एकदम खुललीस.

"मग तुम्हाला सांगते. आमच्यात एक पोरगी होती. टाचणी म्हणायचो. एवढीशी, पण काय लिहायची! ऐकणाऱ्याला बरोबर टोचायचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या आता टीव्हीसाठी लिहितात म्हणे."

"छे हो! दुसरी कुणी असेल. आमची टाचणी नाही तिकडे जायची." तू एक बटण दातांनी तोडलंस. "पुढे काय झालं तिचं कोण जाणे. बरं झालं असेल. गुणी होती."

मी म्हटलं, हो, बरंच झालं असेल. चहा प्यायला आणि निघाले. जिन्यात भाचीने माझा हात धरला. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी माझीच मालिका लागली होती.

या गुरुवारी आजी जाणार आहे, ताई. ते मीच लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं असतं तर तुला मरता मरता आशीर्वाद द्यायला लावले असते. मी फक्त खिडकी आणि आवरलेली खाट लिहिली. त्याआधीच्या सीनमध्ये चादरीखाली दुसरी कुणी झोपली होती. हात दिसतो, तो तुझा नाही. कुणाला कळणार नाही. त्यानंतर मी काम सोडलं असं इथे लिहायला फार आवडलं असतं. सोडलेलं नाही. उद्या तेराव्या सीनचे संवाद द्यायचे आहेत. भाचीला एवढंच सांग, की गुरुवारी संध्याकाळी टीव्ही लावू नकोस म्हणावं. तुला तुझं जाणं बघायला लागू नये.

आणि रविवारी आम्ही येतो आहोत. आपला डफवाला येतोय, दोन्ही गुडघे बदलून. म्हणतो, आता मी नाचतो, ताल तुम्ही धरा. उरलेसुरले सगळे येतील. तुमच्या गच्चीवर गोल करू. आम्हाला ओळखलं नाहीस तर मनाला लावून घेऊ नकोस. त्या फाटकासमोर तरी आपल्याला कोण ओळखत होतं? गोल झाला की लोक थांबायचे, तेवढं पुरायचं.

तू सुरू कर. जिथवर येईल तिथवर म्हण. शब्द सापडला नाही तर शोधत बसू नकोस, आपल्यातलं कुणीतरी उचलेल. भाषण झालं की हात तसेच धरून थांब, मान तिरकी करून. मी गर्दीत असेन. तुला ही कोण बाई असं वाटेल, पण मी उठेन, आणि या वेळी कुणाकडेही न बघता माझी ओळ म्हणेन.

"आई, पोराला दे इकडे. मी धरते."

तुझी,
पुढे काय झालं ते कोण जाणे,
टाचणी